थर धरू दे, सुटू देऊ नको

लोहाराच्या ऐरणीभोवती काळे पापुद्रे पडलेले असतात. तापलेल्या लोखंडाने हवेतला ऑक्सिजन घेतला की असा थर (ऑक्साइड) धरतो आणि घणाच्या घावाने झडतो. त्यामुळे उष्णतेला टिकणाऱ्या वस्तूवर थर धरतच नसेल, असे वाटणे साहजिक आहे. खरे तर ती टिकते थरामुळेच. मात्र तो दाट, सावकाश वाढणारा आणि घट्ट चिकटलेला हवा.

आयर्लंडमध्ये लिमरिकजवळ ऑगिनिशला १९८३पासून बॉक्साइटातून काढतात तेच अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड) धातूवर धरले की असा उत्तम थर होतो. पण गार होताना धातू जास्त आकसतो, थर कमी. मग तो सुटतो. सर्मेटमध्येही (धातू-सिरॅमिक मिश्रण) हीच अडचण येते.

चुन्याच्या सफेदीत डिंक घालतात, तसे थर चिकटून राहावा म्हणून धातूत यट्रियम किंवा सिरियम घालतात. ही ‘दुर्मिळ मृदा’ मूलद्रव्ये. नाव काही असो, सिरियम भूकवचात साधारण तांब्याइतके आहे! बहुधा एक टक्क्याहून कमी पुरते. थराच्या कणांमधल्या सांध्यांत बसून ती धातूच्या अणूंची वाट अडवतात, पकड सैल करणारे गंधक बांधून ठेवतात. जास्त झाली तर मात्र ऑक्सिडीकरण उलट वाढते.

लिमरिक विद्यापीठात स्टुअर्ट हॅम्पशायर यांनी अभ्यासलेल्या सिलिकॉन नायट्राइड सिरॅमिकमध्ये यट्रियमचे काम निराळे: भट्टीत कण सांधणारी काच घडवणे.