गादी, ओल आणि दमा

पावसाळ्यात एखादे गिऱ्हाईक हमखास येते, "भाई, तुमच्या रजईत ढेकूण आहेत. मुलगा रात्रभर शिंकतो!"

ढेकूण डोळ्यांना दिसतो, चावतो, चादरीवर रक्ताचे डाग पाडतो. शिंका आणि दमा वाढविणारे धुळीतील माइट्स वेगळे. ते कोळ्याच्या जातीचे, आठ पायांचे, मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून झडणारी कातडी खातात. त्यांची विष्ठा श्वासात गेली की त्रास सुरू होतो. नव्या मालात त्यांचे खाद्य नसते, पण ओल मात्र दुकानातूनही घरी जाते.

माइट्स पाणी पीत नाहीत, हवेतील ओलावा शोषून घेतात. दमटपणा ५० टक्क्यांखाली राहिला तर ते तगत नाहीत. म्हणून फवारणीवर पैसे घालण्यापूर्वी चादरी, अभ्रे दर आठवड्याला ६० अंश गरम पाण्यात धुवा. गादी कडक उन्हात उलटसुलट वाळवा. उशीला दाट विणीचा अभ्रा घाला. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच.

व्यापारी बांधवांनो, गठ्ठे फरशीवर ठेवू नका, फळीवर ठेवा. आणि गरम पाण्यात रंग सोडणारी चादर लहान मुलाच्या घरी विकू नका.