तलावाचा जीव उथळ पाण्यात

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात माजी मालगुजारी तलाव हजारोंच्या संख्येने आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. उतारावरून येणारे पावसाचे पाणी मातीची पाळ घालून अडवायचे, एवढीच त्यांची रचना. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेल्या या तलावांवर धान पिकले आणि मासेमार ढिवरांची घरे चालली.

पाळीजवळ पाणी खोल असते, पण समोरच्या बाजूला ते जमिनीच्या उतारावर पसरत जाते आणि शेवटी घोट्याइतके उरते. पाहणाऱ्याला हा भाग निरुपयोगी वाटतो. तलावातली सर्वांत मोठी गर्दी मात्र इथेच असते, कारण सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो आणि चिखलात वनस्पती मूळ धरू शकतात. काठाला लव्हाळे, थोडे पुढे कमळ, आणखी आत पाण्याखाली हायड्रिलासारख्या वनस्पती. त्यांच्या देठांवर शेवाळाचा पातळ थर चढतो, तो खायला गोगलगायी येतात. माशांची पिल्ले पानांच्या आडोशाला राहतात. कमळपक्षी तर तरंगत्या पानांवरच अंडी घालतो.

या गर्दीला प्राणवायू लागतो. दिवसा वनस्पती आणि शैवाल तो पाण्यात सोडतात. रात्री मात्र सगळेच तो वापरतात. त्यामुळे पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते, आणि ते फारच घसरले तर मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. उन्हाळ्यात अडचण वाढते. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. मरळ, मागूर, शिंगी हे मासे थेट हवेतूनही श्वास घेतात, म्हणून आटत्या, कोमट पाण्यात ते तग धरतात. रोहू-कटल्याला ते जमत नाही.

पाणवनस्पतींचे आणखी एक काम डोळ्यांना दिसत नाही. त्या चिखल धरून ठेवतात, पोषक द्रव्ये शोषतात आणि शैवाल खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांना लपायला जागा देतात. म्हणून पाणी नितळ राहते. वनस्पती गेल्या की वारा गाळ ढवळतो, शैवाल माजते, पाणी हिरवे-गढूळ होते आणि तळाशी प्रकाश पोहोचेनासा होतो. मग नव्या वनस्पती उगवणार कशा? डच शास्त्रज्ञ मार्टन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली हेच मांडले: उथळ तलाव नितळ किंवा गढूळ, अशा दोन्ही अवस्थांत टिकून राहू शकतो, आणि एकदा गढूळ झालेला तलाव सहजासहजी मागे फिरत नाही.

उन्हाळ्यात पाणी ओसरणे हाही तलावाच्या जगण्याचाच भाग आहे. उघड्या पडलेल्या चिखलात सूक्ष्म प्राण्यांची टिकाऊ अंडी निपचित पडून असतात. पाऊस झाला की ती फुटतात आणि माशांच्या नव्या पिल्लांना खाद्य मिळते.

पूर्व विदर्भात ही घडी अनेक ठिकाणी विस्कटली. मालगुजारी ही जमीनमहसुलाची पद्धत संपून तलाव सरकारकडे गेले, देखभाल सैल झाली, काठांवर बेशरम हे झुडूप माजले. मत्स्योत्पादनासाठी सोडलेला गवत्या मासा वनस्पती खातो, तर सायप्रिनस तळ उकरतो. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने आणि ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी काही तलावांतली बेशरम उपटली, तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगाची, हे ढिवरांना आधीपासून ठाऊक होते. शासकीय योजनांनी हे ज्ञान फार पूर्वीच विचारायला हवे होते.

आज तलाव म्हटला की खोलीकरणाची मागणी होते. साठा वाढतो हे खरे, पण सरसकट उपसा केला तर उथळ काठाच्या जागी उभा कडा येतो आणि पाणवनस्पतींची जागाच संपते. गाळ पाळीजवळच्या खोल भागातून काढावा, वरचा सौम्य उतार तसाच राहू द्यावा, आणि जेसीबी उतरण्याआधी ही हद्द तिथल्या मासेमारांना सोबत घेऊन आखावी.