जुन्या पिनबॉलची मोडकी पेटी

पिनबॉलचे यंत्र आपल्यापैकी पुष्कळांनी निदान चित्रपटात तरी पाहिले असेल. फ्रेंचमध्ये त्याला 'फ्लिपर' म्हणतात. काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी गोळी धावते, दिवे लागतात, घंटा वाजते. या साऱ्या थाटाचा भार वाहते ती मात्र साधी लाकडी पेटी, आणि जुने यंत्र हाती येते तेव्हा बहुधा तीच खिळखिळी झालेली असते. या आठवड्यात तिच्याविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

या खेळाचे माहेरघर अमेरिकेतील शिकागो. गॉटलीब, बॅली, विल्यम्स या कंपन्या तेथल्याच. गॉटलीबचे 'बॅफल बॉल' १९३१ साली निघाले. तेव्हा गोळी सोडल्यावर बरेचसे नशिबावर असे. १९४७ च्या 'हम्प्टी डम्प्टी'त गोळी परतवणारे छोटे हात आले आणि खेळात कौशल्य शिरले. पण त्याआधीच, १९४२ साली, न्यूयॉर्क शहराने हा जुगार ठरवून त्यावर बंदी घातली होती. महापौर ला गार्डिया यांच्या आमदानीत जप्त केलेली यंत्रे घणाने फोडली गेली. बंदी उठली ती १९७६ साली.

कोपरे आधी का जातात?

यंत्राचे वजन सुमारे शंभर किलो. चार पाय कोपऱ्यांना बोल्टने जोडलेले असतात. खेळणारा धक्के देतो, कोणी पाय न काढताच यंत्र ओढत नेतो, आणि सारा ताण कोपऱ्यांवर येतो. बोल्ट सैल झाला की आतला आधाराचा ठोकळा सुटतो आणि कोपरा फाटतो. तळघरातील ओलीने तळाची फळी फुगते, प्लायवुडचे थर सुटतात.

काम कसे करावे?

प्रथम वीज तोडावी. काच, खेळाची फळी आणि तळाची विद्युत-यंत्रणा बाहेर काढावी. प्रत्येक तारेची छायाचित्रे घेऊन ठेवावी. पेटीवरील रंगीत नक्षी पारदर्शक कागदावर छापून घ्यावी, कारण एकदा घासली की ती परत मिळत नाही. १९७८ पूर्वीच्या अमेरिकन रंगात शिसे असू शकते. म्हणून कोरडे घासू नये, ओला पॉलिश पेपर वापरावा आणि मुलांना दूर ठेवावे.

सुटलेल्या सांध्यातील जुना गोंद पूर्ण खरवडावा. जुन्या गोंदावर नवा धरत नाही. थर सुटले असतील तर सुईने गोंद आत सोडून, वर मेणकागद व ठोकळा ठेवून शिकंजात आवळावे. कोपऱ्याचा तुकडाच गेला असेल तर इपॉक्सीने भरावा. तळाची फळी मात्र नवीच बसवावी.

शिकंजे आवळताना टेपने दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे भरले तर पेटी काटकोनात आहे. पाव इंचाचा फरक राहिला तरी काच खाचेत अडकते आणि खेळाची फळी नीट बसत नाही. हे गोंद सुकण्यापूर्वीच पाहावे.

जुने किती राखावे?

खरी कसोटी येथे लागते. बाजूच्या फळीवर कारखान्याची मूळ नक्षी आहे, पण लाकूड कुजले आहे. ती ठेवावी की बदलावी? आमच्या मते उत्तर बोल्टने द्यावे. लाकूड बोल्ट घट्ट धरत असेल तर रंग उडालेला असला तरी फळी राखावी. धरत नसेल तर माया आवरावी, कारण पाय निसटला तर शंभर किलोचा भार काचेसकट कोणाच्या तरी पायावर येईल. जुन्या फळीवरूनच नवीची आखणी करावी आणि नक्षी साच्याने पुन्हा रंगवावी. विकताना नवी फळी नवी म्हणूनच सांगावी.

आपल्या बेटाच्या दमट हवेत आजीच्या कपाटाचेही असेच होते. पाय डगमगू लागले की खिळा ठोकून वेळ मारून नेऊ नये. सांधा उघडावा, जुना गोंद काढावा, कर्ण मोजावे. घरातल्या मुलालाही टेपचे एक टोक धरायला द्यावे.