खिडक्यांचें शुद्धोदकस्नान

घराची कळा अंगण सांगतें, अशी आपल्याकडे म्हण आहे. इंग्लंडांत अंगणाचें हें काम खिडकी करते. तेथील मध्यम स्थितीच्या कुटुंबाचें घर बहुधा दुमजली असतें. रस्त्याच्या बाजूस मोठमोठ्या कांचेच्या खिडक्या, आणि वर्षाचे कित्येक महिने आकाश मेघांनीं झांकलेलें. अशा ठिकाणीं जो थोडाबहुत प्रकाश मिळतो तो कांचेवरील मळानें अडावा, हें गृहिणीस खपत नाहीं. ज्या देशानें १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर सोसला, त्या देशांतील लोकांना उजेडाची किंमत नीट कळावी यांत नवल तें काय? म्हणून दूधवाला किंवा टपालवाला यांच्याप्रमाणेंच खिडक्या धुणारा हाहि तेथील गल्लींतला ओळखीचा माणूस होऊन बसला. ठराविक आठवड्यांनीं त्यानें यावें, सर्व खिडक्या बाहेरून स्वच्छ कराव्या, आणि ठरलेले पैसे घेऊन पुढच्या दारीं जावें, असा त्याचा फेरा असतो.

या माणसाचें जुनें चित्र म्हणजे खांद्यावर शिडी, हातांत बादली, आणि जवळ फडकें व पाणी निपटण्याचें रबरी पातें. १९३६ सालीं जॉर्ज फॉर्म्बी या विनोदी गायकानें अशा माणसाला शिडीवरून लोकांच्या खोल्यांत काय काय दिसतें यावर एक गाणें म्हटलें. तें फार लोकप्रिय झालें, आणि बी. बी. सी.नें तें ध्वनिक्षेपणास वर्ज्य ठरविलें! आज हें चित्र पालटत चाललें आहे. ज्या वाचकांचे मुलगे-मुली विलायतेंत स्थायिक झाले आहेत, त्यांनीं तेथें गेल्यावर एखादा मनुष्य अंगणांत उभा राहून लांबलचक काठीनें वरच्या मजल्याची खिडकी धूत असलेला पाहिला असेल. इंग्रजींत या साधनास ‘वॉटर-फेड पोल’ म्हणतात. आपण तिला पाण्याची काठी म्हणूं. ही काठी दिसावयास साधी, परंतु तिच्या मागें विचार मात्र मोठा सुंदर आहे.

प्रथम शिडी कां सुटली तें पाहूं. खिडक्या लखलखीत होत, पण त्यापायीं एका माणसाला दिवसांतून कितीतरी वेळां शिडी चढावी-उतरावी लागे. ओल्या फरशीवर किंवा उतरत्या हिरवळीवर शिडीचा पाय एकदां सरकला, कीं बारा-पंधरा फुटांवरून पडलेल्या मनुष्याची काय गत होते तें सांगावयास नको. ब्रिटनमध्यें कामावर असतांना होणाऱ्या अपघाती मृत्यूंच्या कारणांत उंचीवरून पडणें हें वर्षानुवर्षें अग्रस्थानीं राहिलें आहे. म्हणून २००५ सालीं तेथें उंचीवरील कामांविषयीं नियम झाले. या नियमांनीं शिडीवर बंदी घातली अशी पुष्कळांची समजूत आहे; पण ती खरी नव्हे. नियमांचा क्रम असा आहे: जें काम वर न चढतां होण्याजोगें आहे तें वर चढून करूं नये, चढल्यावांचून गत्यंतरच नसेल तर पडण्यास प्रतिबंध होईल अशी साधनें वापरावीं, आणि तेंहि शक्य नसेल तर पडलें तरी इजा कमी होईल अशी तजवीज करावी. थोड्या वेळाच्या व कमी धोक्याच्या कामास शिडी आजहि चालते. परंतु पहिला प्रश्न हाच कीं, ही खिडकी खालून धुतां येईल काय? त्याचें उत्तर ‘होय’ असें देणारें साधन हातीं होतें, आणि म्हणूनच साध्या घरांसाठींहि त्याचा प्रसार झपाट्यानें झाला.

ही काठी म्हणजे एकींत एक बसणाऱ्या नळ्या. दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणें त्या बाहेर ओढावयाच्या आणि हव्या त्या लांबीवर घट्ट करावयाच्या. पोकळींतून पाण्याची एक बारीक नळी वर जाते. टोकाला मऊ केसांचा रुंद ब्रश असतो, आणि त्यांत बसविलेल्या दोन किंवा चार तोट्यांतून पाणी कांचेवर पडतें. खालीं गाडींत टांकी व विजेचा लहानसा पंप असतो. दुमजली घरास वीस-पंचवीस फुटांची काठी पुरते. चार-पांच मजल्यांच्या इमारतींसाठीं याहून कितीतरी लांब काठ्याहि मिळतात. काठी ॲल्युमिनियमची, कांचतंतूंची किंवा कार्बनतंतूंची असते. कार्बनची काठी हलकी, ताठ आणि अर्थातच महाग. हा खर्च चैनीचा नव्हे. वीस फुटांवर ब्रश सांभाळतांना पावशेर वजनाचाहि फरक मानेला आणि खांद्यांना संध्याकाळपर्यंत चांगलाच जाणवतो.

तथापि या युक्तीचें मर्म काठींत नाहीं, तें पाण्यांत आहे. नळाचें पाणी कितीहि निर्मळ दिसलें तरी तें निव्वळ पाणी नसतें. जमिनींतून व खडकांतून वाहतांना कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादींचे क्षार त्यांत विरघळतात. स्टीलच्या ताटावर बोअरचें पाणी वाळलें म्हणजे जीं पांढुरकीं वर्तुळें उमटतात तीं याच क्षारांचीं. खिडकीवरहि नेमकें हेंच घडतें. जुना कारागीर कांचेवरचें पाणी रबरी पात्यानें निपटून काढण्याची जी खटपट करी, ती मळासाठीं होती तितकीच या क्षारांसाठींहि होती. पाणी कांचेवर वाळूं दिलें नाहीं म्हणजे डाग पडत नाहीं. आतां पाण्यांत क्षारच नसतील तर? मग तें निपटण्याचें कारण उरत नाहीं. निपटावयाचें नाहीं म्हणून हात कांचेपर्यंत पोंचण्याचें कारण उरत नाहीं. आणि हात पोंचावयाचा नाहीं म्हणून शिडीचेंहि कारण उरत नाहीं. शिडी सुटली ती या तर्कानें.

देवपूजेंत पंचामृतस्नानानंतर मूर्तीला शुद्धोदकानें स्नान घालतात. दूध-मधाचा चिकटा धुऊन जावा आणि मागें कांहीं उरूं नये, हा त्यांतील व्यवहारी भाग. खिडकीला लागणारें शुद्धोदक मात्र याहूनहि कडक हवें. पाण्यांत विरघळलेल्या पदार्थांचें प्रमाण ‘टीडीएस’ या आंकड्यानें सांगतात. एका लिटरांत किती मिलिग्रॅम, असा तो आंकडा असतो. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत तो ५०० च्या आंत असावा. खिडकीच्या पाण्यांत तो शून्य असावा, निदान दहाच्या आंत तरी असावा. थोडा हिशेब करून पाहूं. धुतल्यावर एका मोठ्या खिडकीवर ५० मिलिलिटर पाणी थेंबांच्या रूपानें राहिलें असें समजा. टीडीएस ३०० असेल तर वाळल्यावर १५ मिलिग्रॅम पूड मागें राहील, आणि तीहि सारखी पसरलेली नव्हे, तर थेंबाथेंबाच्या कडेला सांचलेली. टीडीएस ५ असेल तर उरेल अवघी पाव मिलिग्रॅम; ती डोळ्यांना दिसणार नाहीं.

मग आपल्या स्वयंपाकघरांतील आरओ यंत्राचें पाणी चालेल काय? बहुधा नाहीं, कारण पिण्याच्या पाण्यांत कांहीं क्षार राहूं देणें इष्ट असतें, व त्या बेतानेंच तीं यंत्रें केलेलीं असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरींत घालण्यासाठीं आपण जें पाणी विकत आणतों, तें मात्र या जातीचें.

असें पाणी करण्याच्या दोन रीति आहेत. पहिलींत पाणी दाब देऊन अतिसूक्ष्म पडद्यांतून पार करतात; क्षार अलीकडे राहतात, परंतु त्यांच्याबरोबर बरेंचसें पाणीहि वायां जातें. दुसरींत पाणी रेझिनच्या बारीक दाण्यांतून गाळतात. हे दाणे कॅल्शियमसारखे धनभारित कण स्वतःकडे ओढून त्यांच्या जागीं हायड्रोजन सोडतात, आणि क्लोराइडसारखे ऋणभारित कण घेऊन त्यांच्या जागीं हायड्रॉक्सिल सोडतात. हायड्रोजन व हायड्रॉक्सिल एकत्र आले म्हणजे पुन्हा पाणीच! दाण्यांची शक्ति संपत आली कीं टीडीएस चढूं लागतो. म्हणून दक्ष कारागीर मापक बुडवून पाहिल्यावांचून कामाला हात घालीत नाहीं. कोणती रीति पत्करावी हें त्या त्या प्रांताच्या भूमीवर अवलंबून असतें. लंडनकडील पाणी खडूच्या व चुनखडीच्या प्रदेशांतलें, म्हणून जड. तेथें आधीं पडदा व मग दाणे अशी दुहेरी योजना करावी लागते. मँचेस्टरला १८९४ पासून थर्लमियर सरोवराचें पाणी नळानें येतें. तें डोंगराळ भागांतलें व हलकें. अशा ठिकाणीं नुसते दाणे पुरतात.

धुण्याची कृति सोपी दिसते, परंतु तिलाहि शिस्त आहे. खिडक्या व झरोके आंतून बंद आहेत हें आधीं पाहावें. प्रथम वरची चौकट घांसावी. धूळ व कोळिष्टकें तिच्यांतच दडून बसतात. मग कांचेवर ब्रश वर-खालीं फिरवावा, बाजूच्या चौकटी व खालची पट्टी धुवावी, आणि अखेरीस कांचेवरून स्वच्छ पाण्याची धार सोडावी. एकदां कांच धुतल्यावर वरच्या चौकटीस पुन्हा ब्रश लावूं नये. नाहींतर तिच्यांतून मळकट थेंब उतरतात आणि केलेलें काम वायां जातें. साबण लागत नाहीं. उलट साबणाचा जो पातळ थर कांचेवर राहतो त्यावर धूळ लवकर बसते.

येथेंच घरधन्यांची नेहमींची तक्रार उद्भवते. ‘मेला खिडक्या ओल्याच टाकून गेला, फडकेंसुद्धां फिरविलें नाहीं!’ तक्रारींतील वस्तुस्थिति खरी, पण निष्कर्ष चुकीचा. ओली कांच ही या पद्धतींत हयगय नसून रीतच आहे. निकाल द्यावयाचा तो कांच वाळल्यावर. त्या वेळीं सर्वत्र पांढरे ठिपके दिसले तर पाण्यांत दोष समजावा. वरून खालीं मळकट ओघळ दिसले तर चौकट नीट धुतलेली नाहीं असें समजावें. वर्षानुवर्षें न धुतलेल्या खिडकीस पहिल्या खेपेस हें होतेंच, म्हणून ती दोनदां धुवावी लागते. जुने चुन्याचे थर, रंगाचे शिंतोडे व तेलकट डाग निव्वळ पाण्यानें जात नाहींत. त्यांस हातच लागतो. जुन्या शिशाच्या पट्ट्यांत जडविलेल्या कांचा आणि लांबी सुटलेल्या लांकडी चौकटी यांच्यावर पाण्याचा मारा करूं नये. आणि कांचेची आंतली बाजू ही अर्थातच घरच्यांची जबाबदारी.

शिडी गेली म्हणून सर्वच धोके गेले असें मात्र नव्हे. ॲल्युमिनियम व कार्बन यांतून वीज वाहते. घराजवळून विजेच्या उघड्या तारा गेल्या असतील तर अशी काठी प्राणघातक ठरते. अंगणांत पसरलेली नळी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांत येते, आणि कडक थंडींत पायऱ्यांवर सांडलेल्या पाण्याचें बर्फ होऊन म्हातारीं माणसें घसरतात. ४०० लिटरांची भरलेली टांकी म्हणजे गाडींत चारशें किलोंचा भार. ती पक्की जखडलेली नसेल तर अचानक गाडी थांबवितांना ती चालकाच्याच अंगावर यावयाची. स्कॉटलंडांत तर १९८२ च्या कायद्याप्रमाणें खिडक्या धुणाऱ्यास स्थानिक संस्थेचा परवाना लागतो. काम हलकें समजलें गेलें, तरी त्याची व्यवस्था हलकी समजली गेली नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आपल्याकडे ही काठी घरोघरीं येईल असें नाहीं. आपल्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या, शहरांतील इमारती पंधरा-वीस मजल्यांच्या, आणि जेथें चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते तेथें कांचेसाठीं पाणी दवडणें शोभणारें नव्हे. बंगल्यांना व दुमजली घरांना ती सोयीची आहे. परंतु काठी न घेतां तिच्या मागचा प्रश्न मात्र प्रत्येक घरानें घेण्यासारखा आहे: हें काम वर न चढतां होईल काय? सिंगापुरांत उंच इमारतींतील घरकाम करणाऱ्या परदेशी मुली खिडक्या बाहेरून पुसतांना पडून मृत्यु पावल्या, तेव्हां २०१२ सालीं तेथील सरकारनें नियम केला. खिडकीला गज असून ते बंद असल्यावांचून, आणि घरचें मोठें माणूस देखरेखीस असल्यावांचून, असें काम त्यांस सांगूं नये, असा तो नियम. आपल्या घरीं दिवाळीच्या आधीं कामास येणारी बाई स्टुलावर स्टूल चढवून, किंवा एक पाय बाहेरच्या सज्ज्यावर ठेवून कांच पुसते, तेव्हां तिला खालीं उतरावयास सांगण्यास कोणत्या सरकारचा नियम हवा? लांब दांड्याच्या ब्रशानें जेवढें होईल तेवढें करावें, सरकत्या खिडकीचें दार आंत काढून घेतां येत असेल तर तें काढून न्हाणीघरांत धुवावें, आणि जेथें हात पोंचत नाहीं तेथील कांच तशीच राहूं द्यावी. एखादी कांच थोडी मळकट राहिली म्हणून लक्ष्मी दारावरून परत जात नाहीं.