विमान कंपनी विकली जाते, तेव्हा तिकिटाचे काय होते?

गिरणी विकली गेल्याचे कानावर आले, की कामगाराच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, "माझ्या पगाराचे काय?" विमान कंपनी विकली जाते तेव्हा प्रवाशाचा प्रश्नही त्याच जातीचा असतो, "पैसे भरून बसलो आहे. माझ्या तिकिटाचे काय?" दोघांनीही आधी एकच गोष्ट विचारावी : विकले नेमके काय?

तिकीट हा करार आहे. तो विमानाशी नसतो, मालकाशीही नसतो. कंपनी नावाच्या कायदेशीर व्यक्तीशी असतो. म्हणून विक्रीचे तीन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत.

पहिला प्रकार शेअरविक्रीचा. २००७ साली जेट एअरवेजने एअर सहारा १,४५० कोटी रुपयांना घेतली आणि तिचे नाव 'जेटलाइट' ठेवले. मालक बदलला, पाटी बदलली. कंपनी तीच राहिली. अशा विक्रीत जुने देणे कंपनीच्याच अंगावर राहते, आणि आगाऊ विकलेले तिकीट हेही देणेच होय.

दुसरा प्रकार विलीनीकरणाचा. लहान गावांना विमानाने जोडणारी एअर डेक्कन २००३ साली निघाली. २००८ साली ती किंगफिशरमध्ये मिसळली, असे आपण म्हणतो. कागदोपत्री घडले उलटेच. किंगफिशरचा विमानधंदा डेक्कनच्या कंपनीत घातला गेला आणि त्या कंपनीला किंगफिशरचे नाव दिले गेले. पाटीवरून कंपनी ओळखू नये, ते याचसाठी. विलीनीकरणात हक्क आणि देणी दोन्ही पुढच्या कंपनीकडे जातात. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा विमानांचे क्रमांक बदलले. पुढच्या तारखांची तिकिटे एअर इंडियाकडे वर्ग झाली.

तिकीट कायम राहिले म्हणजे वेळही तीच राहील, असे मात्र नाही. एकाच मार्गावर दोघांची विमाने असतील, तर नवा मालक एक कमी करतो. आपले उड्डाण रद्द झाल्यास दुसरे उड्डाण घ्यावयाचे की पैसे परत मागावयाचे, ही निवड प्रवाशाची आहे. तिकीट दलालाकडून घेतलेले असले, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट. कंपनी आधी बंद पडते आणि मग गिऱ्हाईक शोधले जाते. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. २०२१ साली पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली, पण ती तडीस गेली नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली, तिच्याही नशिबी जानेवारी २०२५ मध्ये तेच आले.

इथे प्रवासी हा धनको होतो, आणि तोही तारणाशिवायचा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत रांग ठरलेली आहे. प्रक्रियेचा खर्च आधी. मग तारण असलेल्या बँका आणि त्यांच्या बरोबरीने कामगारांची चोवीस महिन्यांची थकबाकी. मग इतर नोकरवर्ग, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी. आणि त्यानंतर 'बाकीची देणी'. प्रवासी या शेवटच्या घोळक्यात. कामगाराला वरची जागा मिळाली म्हणून प्रवाशाने त्याचा राग धरू नये. दोघांचाही पैसा न विचारता वापरला गेला : एकाचा केलेल्या कामाचा, दुसऱ्याचा न झालेल्या प्रवासाचा.

तेव्हा व्यवहारी माणसाने काय करावे? विक्रीची नुसती बोलणी ऐकून घाईने तिकीट रद्द करू नये. स्वतः रद्द केले तर कापणी आपल्याच माथी बसते. कंपनीने उड्डाण रद्द केले, तर पुढच्या प्रवासाचे कूपन न घेता रोख परतावा मागावा. कार्डाने पैसे भरले असतील, तर बँकेकडे ताबडतोब लेखी तक्रार करावी. आणि दिवाळखोरीची जाहीर सूचना निघाली, तर मुदतीत दावा दाखल करावा. योजना मंजूर झाली, की तिच्यात नसलेले जुने दावे संपतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले आहे.

युनियनमध्ये आम्ही नव्या सभासदाला प्रथम पावती जपायला शिकवतो. प्रवाशालाही सांगणे तेच : तिकीट, पैसे भरल्याचा दाखला आणि रद्द झाल्याचा निरोप एकत्र ठेवा. आणि एकाच विमानाचे दीडशे प्रवासी अडकले असतील, तर दीडशे जणांनी एकमेकांचे पत्ते घ्या. एकट्याचा अर्ज फाइलीत पडून राहतो. दीडशे अर्जांना उत्तर द्यावे लागते.