बाप पहिलाच

मी गुरांचा डॉक्टर, त्यामुळे राल्फ ब्रिन्स्टर मला आमच्याच गोतातले वाटतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले हे पशुवैद्य. आधी त्यांनी उंदराचे गर्भ प्रयोगशाळेत जगवणारा पोषक द्राव तयार केला. किचकट काम, कौतुक कमी. १९८२ साली रिचर्ड पामिटर यांच्याबरोबर त्यांनी रॅटच्या वाढ-संप्रेरकाचं जनुक माउसच्या फलित अंड्यांत बारीक सुईने टोचलं. (मराठीत दोघेही उंदीरच!) २१ पिल्लं झाली, ७ जणांत जनुक टिकलं, त्यातली ६ भावंडांहून चांगलीच धिप्पाड निघाली. मला मात्र १९९४ चं काम जास्त भावतं. एका नराच्या वृषणातल्या मूळपेशी त्यांनी शुक्राणू नसलेल्या दुसऱ्या नरात सोडल्या. त्याला पिल्लं झाली, पण खरा बाप पहिलाच.