४२९४९६७२९७ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा दुप्पट करत न्यायचा आणि आलेल्या घातात १ मिळवायचा. अशी प्रत्येक संख्या मूळ असते, असे फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांना १६४० च्या सुमारास वाटत होते. आपली संख्या या मालिकेत सहावी.

गैरसमज : सलग पाच उदाहरणे जुळली, म्हणजे नियम खरा.
वस्तुस्थिती : ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाचही संख्या मूळ आहेत. सहावीला मात्र नियम कोसळतो. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी ती ६४१ × ६७००४१७ अशी फोडून दाखवली. या मालिकेत पहिल्या पाचांनंतर आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. उदाहरणांवरून अंदाज बांधता येतो, पण सिद्धतेला पर्याय नाही.

गैरसमज : एवढ्या मोठ्या संख्येचा विभाजक शोधायचा, तर हजारो भागाकार करावे लागणार.
वस्तुस्थिती : सरधोपट वाटेने गेलो तर ६५५३६ पर्यंतच्या ६५४२ मूळ संख्या तपासाव्या लागतील. पण या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागले, तर बाकी १ च उरते, हे ऑयलर यांनीच सिद्ध केले. या अटीत बसणाऱ्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारालाच उत्तर मिळते.

पडताळा तर भागाकाराविनाही होतो. ५ × १२८ = ६४०, म्हणजे ६४१ ने भागता बाकी −१. १२८ हा २ चा सातवा घात. दोन्ही बाजूंचा चौथा घात घेतला, की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ येते. ६२५ म्हणजे ६४१ वजा १६, आणि १६ हा २ चा चौथा घात. म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१. त्यात १ मिळवला, की ६४१ ने निःशेष भाग जातो.

गैरसमज : फर्मांच्या कसोटीला उतरलेली संख्या मूळच असते.
वस्तुस्थिती : कोणत्याही विषम मूळ संख्येने २ च्या ‘त्या संख्येहून एकने कमी’ घाताला भागले, तर बाकी १ उरते. आपली संख्या संयुक्त असूनही या कसोटीत उत्तीर्ण होते. २ ऐवजी ३ घेतला, की ती नापास होते आणि विभाजक हाती नसतानाही संयुक्त ठरते.

गैरसमज : मूळ नाही, म्हणजे तिच्यात विशेष काही नाही.
वस्तुस्थिती : ती दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात दोन प्रकारे लिहिता येते : ६५५३६ आणि १ यांचे वर्ग, किंवा ६२२६४ आणि २०४४९ यांचे वर्ग. स्वतःला वगळून तिच्या विभाजकांची बेरीज फक्त ६७,०१,०५९ भरते, म्हणून ती न्यून संख्यांत मोडते. देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांच्या व्याख्येनुसार, अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी संख्या म्हणजे हर्षद संख्या. इथे अंकांची बेरीज ५९. आपल्या संख्येचे विभाजक चारच : १, ६४१, ६७००४१७ आणि ती स्वतः. त्यांत ५९ नाही, म्हणून ती हर्षद नाही. मूळ अवयव एकदा कळले, की असे कितीतरी प्रश्न भागाकार न करता सुटतात. ऑयलर यांच्या त्या शोधाचे खरे मोल यातच आहे.